समुद्रावरचं ठिगळ

"सायबांनू, वाऱ्याच्या तोंडाक ओकू नका. आपल्याच अंगार येता."

सोनू तांडेलांचा हा सल्ला मला अर्धा मिनिट उशिरा मिळाला. सकाळचे सहा वाजत आले होते आणि किनारा आठ किलोमीटर मागे राहिला होता. मी, हेरंब सोवनी, वय सत्तावीस, पुण्याच्या एका संशोधन संस्थेतला होतकरू शास्त्रज्ञ, एका हाताने होडीची कड आणि दुसऱ्या हाताने वारा मोजायच्या यंत्राची काठी धरून बसलो होतो. शर्टाची अवस्था सांगत नाही. चार मिनिटांनी डोक्यावरून उपग्रह जाणार होता आणि नेमक्या त्या क्षणी खाली वारा किती आहे ते मला टिपून घ्यायचं होतं. त्या हंगामातली ही माझी एकविसावी फेरी. एकवीस फेऱ्यांत मी एकवीस वेळा ओकलो होतो. माझ्या सगळ्या निरीक्षणांत इतकं सातत्य दुसऱ्या कशातच नव्हतं.

काम सांगायला सोपं होतं. उपग्रहावरचं रडार समुद्रावर तिरका झोत टाकतं. पाणी गुळगुळीत असलं की झोत आरशावर पडल्यासारखा पुढे निघून जातो, वर काहीच परत येत नाही आणि चित्रात ती जागा काळी दिसते. वाऱ्याने पाण्यावर बोटाबोटाच्या सुरकुत्या उठल्या की थोडा झोत परत फिरतो आणि ती जागा उजळ दिसते. म्हणजे समुद्र किती खडबडीत आहे हे वरून कळलं, की वारा किती आहे ते ताडता येतं. हे ताडणं कितपत बरोबर, ते खाली जाऊन तपासणारा माणूस लागतो. ज्याला बसमध्येसुद्धा मळमळतं अशा माणसाची संस्थेने त्यासाठी निवड केली होती.

खारमळ हे दक्षिण सिंधुदुर्गातलं लहान बंदर. सोनू तांडेलांच्या घरामागची खोली मी भाड्याने घेतली होती आणि होडीही त्यांचीच. त्यांचं आडनाव तारी; तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. ते तेव्हा सत्तरीला टेकले होते. तरुणपणी ते रापणीवर टेहळे होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं लांबच लांब जाळं. मासळीचा थवा कुठे आला आहे हे उंच खडकावर बसून नुसत्या नजरेने हेरायचं आणि खालच्यांना हात करून सांगायचं, हे त्यांचं काम. मी एकदा विचारलं, पाण्याखालचे मासे वरून कसे दिसतात? ते म्हणाले, मासे दिसत नाहीत, दर्याची कातडी बघायची. खाली काही असलं की कातडी बदलते.

हे वाक्य ऐकून मी कौतुकाने हसलो होतो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

यंत्रावरचा आकडा बघण्याआधी ते नेहमी स्वतःचा अंदाज सांगायचे. गंमत म्हणून मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत असे. एकवीस दिवसांत त्यांचा अंदाज ताशी दोन किलोमीटरपेक्षा जास्त कधी चुकला नाही. मी ही माहिती अहवालात घेतली नाही, कारण तिला संदर्भ काय द्यायचा ते मला समजत नव्हतं.

त्या सोमवारी ते म्हणाले, "पंचवीस." यंत्र म्हणालं सव्वीस. वायव्येचा चांगला भरलेला वारा होता. उपग्रह गेला, आम्ही परतलो.

दुपारी चित्र आलं. ते उघडलं आणि माझा चेहरा पडला. समुद्र सगळीकडे उजळ, हवा तसा, आणि किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर एक काळी रेघ. आठ-नऊ किलोमीटर लांब, वायव्येकडे बारीक, आग्नेयेकडे फाकलेली. माझी पद्धत अशी होती की चित्राच्या लहान लहान चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीचा एक ठिपका आलेखावर मांडायचा. सगळे ठिपके एका सरळ रेषेच्या आसपास पडले, की माझं सूत्र बरोबर. त्या दिवसाचे ठिपके पडलेही तसेच. फक्त चार ठिपके रेषेखाली, गाळात रुतल्यासारखे. त्या चार चौकटींत वारा जवळजवळ शून्य आहे, असं माझं सूत्र म्हणत होतं.

मार्चअखेर मला शोधनिबंध पाठवायचा होता. मी त्या रेघेकडे पाच मिनिटं पाहिलं. मग तिच्यावर राखाडी रंगाचा एक पट्टा ओढला, म्हणजे हा भाग मोजणीत धरू नये, आणि टिपणात लिहिलं : 'स्थानिक वारा पडल्याने, वगळले.' चार ठिपके नाहीसे झाले. आलेख इतका देखणा दिसू लागला की मी तो छापून भिंतीवर लावला, शेजारी राखाडी पट्ट्याचं चित्रही लावलं आणि पुण्याला माझ्या मार्गदर्शक रेगे मॅडमना पाठवून दिलं. त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं : 'उत्तम.' मॅडम हा शब्द वर्षातून एकदा वापरत. त्या संध्याकाळी मी स्वतःला दोन सोलकढ्यांची मेजवानी दिली.

त्याच संध्याकाळी 'जलवंती' परत यायची होती. आली नाही.

'जलवंती' हा सोनू तांडेलांच्या धाकट्या मुलाचा, विश्रामचा ट्रॉलर. रविवारी दुपारी तो तिघांना घेऊन गेला होता. मासळी बरी लागली तर एखादी रात्र जास्त राहायची, म्हणून सोमवारी कोणी काळजी केली नाही. मंगळवारी सकाळी मात्र मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर गर्दी जमली. वायरलेसवर विश्राम मिळत नव्हता. वर कळवलं गेलं, शोध सुरू झाला. गावातल्या बोटीही निघायच्या तयारीत होत्या, पण कुठल्या बाजूला जावं यावर एकमत होईना.

तेव्हा मी उठलो. मला कोणी विचारलं नव्हतं.

मी खोलीतून नकाशा आणला, ओट्यावर पसरला आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. इंजिन बंद पडलं असणार. बंद बोट वाऱ्याबरोबर आणि प्रवाहाबरोबर वाहते. वाऱ्याचा आकडा माझ्याकडे आहे, अगदी उपग्रहाने तपासलेला. मी पट्टी लावली, गुणाकार केला आणि दक्षिणेकडे एक वर्तुळ काढलं. वर्तुळ काढायला माझ्याजवळ कंपास होता, त्यामुळे ते फार खात्रीलायक दिसलं. सोनू तांडेल नकाशाकडे बघत उभे होते. ते एवढंच म्हणाले की विश्राम वाहत जाणाऱ्यांतला नाही. मी त्यांना समजावलं की हा स्वभावाचा नाही, भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे.

पाच बोटी माझ्या वर्तुळात गेल्या. दिवसभर फिरून, डिझेल जाळून, संध्याकाळी रिकाम्या परत आल्या. ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांच्यात रुजाय डिसोजाची बायको फिलोमिना होती. रुजाय 'जलवंती'चा इंजिनवाला. तिने मला विचारलं, वर्तुळ अजून मोठं काढता येईल का? मी काढलं.

बुधवारी उजाडताच दारावर थाप पडली. सोनू तांडेल होते. डोळे लाल झालेले, पण आवाज रोजचाच. सोमवारच्या सकाळचा फोटो बघायचा आहे म्हणाले. मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, भिंतीला नाक लागेल इतके जवळ गेले आणि वरून खाली, डावीकडून उजवीकडे, सावकाश बघत राहिले. खडकावर बसून ते असंच बघत असतील.

मग त्यांचं बोट राखाडी पट्ट्यावर थांबलं.

"हयसर ठिगळ कसला मारलात?"

मी म्हणालो की तिथे थोडी चूक होती, म्हणून तो भाग काढून टाकला.

"चूक कोणाची?"

"चित्राची," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खालचा दाखवा."

मी लॅपटॉप उघडला. मूळ चित्र पडद्यावर आलं. ती काळी रेघ दिसताच त्यांचा श्वास आत ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. बाहेर कोणीतरी विहिरीवर पाणी शेंदत होतं, रहाटाचा आवाज येत होता.

"ह्यां तुमका काय वाटला?" त्यांनी विचारलं.

"वारा पडला असेल. तेवढ्यापुरता."

"वारो पडता तो चादरीसारखो पडता, सायबांनू. सुतळीसारखो नाय पडणा. ह्यां तेल आसा."

तेल. पाण्यावर तेलाचा पातळ थर आला की सुरकुत्या बसतात, समुद्र गुळगुळीत होतो, रडारला काळा दिसतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यावर परीक्षेत दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं आणि दहापैकी नऊ मिळवले होते.

घाईघाईने मी म्हणालो की तसं असलं तरी बोट आता तिथे नसणार. दोन दिवसांत वाहत गेली असणार, म्हणजे पुन्हा गणित करावं लागेल. त्यांनी हाताने मला थांबवलं आणि रेघेच्या बारीक टोकावर नख टेकवलं. बोट वाहत असती, तर तेल आणि बोट जोडीनेच गेली असती, सगळं एका जागी गोळा दिसलं असतं. इथे तेल वाऱ्याबरोबर लांब गेलं आहे, पण सुरुवात एकाच जागेवरून होते आहे.

"शेपूट पडला म्हणजे बोट थांबलेली आसा," ते म्हणाले. "विश्रामान नांगर टाकलेलो आसा. तो थयच आसा."

मी त्या टोकाचे अक्षांश-रेखांश काढले. आकडे तीनदा तपासून लिहिले. माझ्या वर्तुळाची सर्वांत जवळची कड तिथून चाळीस किलोमीटरवर होती. मोठ्या वर्तुळाचीही सत्तावीस.

कागद घेऊन ते दारापर्यंत गेले आणि वळले.

"ह्यो फोटो तुमका कदी गावलो?"

"सोमवारी दुपारी."

त्यांनी मान हलवली, जशी आपण भाव ऐकून हलवतो, आणि गेले.

त्या दिवशी मीही बोटीवर चढलो. कोणी बोलावलं नाही, कोणी अडवलंही नाही. वाटेत बाविसाव्यांदा ओकलो. या वेळी कोणी सल्ला दिला नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला आधी वास आला, डिझेलचा. मग पाणी बदललं. आजूबाजूला लाटांवर बारीक सुरकुत्या चमकत होत्या आणि मधोमध एक पट्टा इस्त्री केल्यासारखा सपाट. लाट त्याच्याखालून उचलायची, पण वर एक सुरकुती उठायची नाही. माझ्या चार चौकटींवरून मी बोटीने चाललो होतो. पट्टा धरून, वारा येत होता त्या दिशेने वर गेलो. तासाभराने डोलकाठी दिसली. खाली अर्धी बुडालेली 'जलवंती', नांगराचा दोर ताठ ताणलेला आणि काठावर उभा राहून बादलीने पाणी उपसणारा एक माणूस. आम्ही हाका मारल्या तरी तो उपसायचा थांबेना. विश्राम होता तो. सोनू तांडेलांनी त्याच्या हातातून बादली काढून घेतली, तेव्हा तो खाली बसला.

रविवारी संध्याकाळी पाण्यात तरंगणाऱ्या कसल्याशा ओंडक्यावर बोट आपटली होती. फळी फुटली, इंजिनात पाणी शिरलं, डिझेलची टाकी गळू लागली, वायरलेस भिजला. नांगर टाकून चौघे आळीपाळीने उपसत होते. डिझेल मिसळलेलं ते पाणी बादली बादली करून समुद्रात जात होतं. सोमवारी पहाटे सहा वाजेपर्यंत त्यांनी जेवढं उपसलं होतं, तेवढी माझ्या चित्रातली रेघ होती.

चौघेही जिवंत होते. रुजायचा उजवा पाय ओंडक्याच्या धक्क्याने इंजिनाखाली चेपला होता. खाऱ्या पाण्यात आणि डिझेलमध्ये तीन दिवस राहिलेला तो पाय बघून मी तोंड फिरवलं.

नंतरचं सगळं भराभर झालं. एका वर्तमानपत्रात बातमी आली, 'उपग्रहाने वाचवले चार जीव', आणि खाली माझा फोटो. पुढच्या रविवारी सोसायटीने सत्कार ठेवला. फलकावर माझं नाव 'डॉ. हेरंभ सोवणी' असं होतं. डॉक्टर व्हायला मला अजून तीन वर्षं होती, पण मी तक्रार केली नाही. शाल घेतली, नारळ घेतला. दोन शब्द बोला म्हणाले, तर सूक्ष्मलहरींवर अकरा मिनिटं बोललो. सोनू तांडेल तिसऱ्या रांगेत बसले होते. इतरांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. ते जाळं दुरुस्त करत होते. मी विचारलं की ठिगळाबद्दल त्यांनी कोणाला काही सांगितलं का? नाही म्हणाले. मी विचारलं, का?

"ठिगळ तुमी मारलात," सुई थांबवून ते म्हणाले. "उसवूचा पण तुमीच. माजो झील घरी इलो. मी कित्याक उसवू?"

मी रेगे मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चार ठिपके परत घाल. आणि 'उत्तम' मी परत घेते." मी ठिपके परत घातले. माझं सूत्र त्याने मोडलं, ते पुन्हा बसवायला दीड वर्ष गेलं. पण हे उसवणं नव्हतं, हे मला कळत होतं. मॅडम पुण्यात होत्या. त्यांचा पाय चेपला नव्हता.

रुजायचा पाय दहाव्या दिवशी गुडघ्याखाली कापावा लागला. विश्रामने मला ते असंच, बंदरावर बोलता बोलता सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की विष फार वर चढलं होतं, एक दिवस आधी आणला असता तर कदाचित वाचला असता. हे सांगताना विश्रामच्या आवाजात कुणाबद्दल राग नव्हता. त्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने इस्पितळात गेलो. सोबत मूळ चित्राची छापील प्रत होती. वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं, तेही तीन प्रकारे. एका प्रकारात 'दुर्दैवाने' हा शब्द होता, दुसऱ्यात 'त्या वेळच्या माहितीनुसार'. तिसरा प्रकार लहान होता.

रुजाय खाटेवर बसला होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पांघरूण एका बाजूला सपाट पडलेलं. फिलोमिना डब्यातली पेज वाटीत ओतत होती. मला बघून दोघंही हसले. तिने माझ्यासाठी स्टूल पुढे केलं आणि पेपरातला माझा फोटो आपण कापून ठेवला आहे असं सांगितलं. त्यानंतर मला तिसरा प्रकारच आठवला.

मी सांगितलं की चित्र माझ्याकडे सोमवारी दुपारीच आलं होतं. तुमची जागा त्यात दिसत होती. मला ती चूक वाटली आणि माझा आलेख बिघडत होता, म्हणून मी तिच्यावर रंग ओढला. मंगळवारी पाच बोटी मीच चुकीच्या बाजूला पाठवल्या. फोटो ओळखला तो सोनू तांडेलांनी, मी नाही.

"सोमवारी?" फिलोमिना म्हणाली. एवढंच. तिने वाटी टेबलावर ठेवली, डब्याचं झाकण लावलं आणि बाहेर निघून गेली.

रुजायने हात पुढे केला. मी कागद दिला. त्याने तो उजेडाकडे धरला.

"ह्यां काळा काय?"

"तुम्ही बादलीने उपसून टाकत होता ते पाणी. त्यातलं डिझेल."

"आणि आमी?"

मी बारीक टोकावर बोट ठेवलं. त्याने माझं बोट बाजूला करून तिथे स्वतःचं ठेवलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तशी तयारी करून आलो होतो.

"पाय अडाकलेलो, तरी बसान उपसत होतंय," तो म्हणाला. "तीन दिवस वर बघी होतंय. वाटा होता, वरसून देवाक पण आमी दिसणव नाय." त्याने कागद जरा जवळ आणला. "म्हणजे दिसत होतव."

त्याने कागदाची दुमडलेली कड अंगठ्याने सरळ केली.

"ह्यो कागद माका ठेवूक देशात?"

मी हो म्हणालो. त्याने घडी न घालता तो उशीखाली सरकवला, मग आधार घेऊन खाटेवर आडवा झाला. मी तसाच स्टुलावर बसून होतो. कधी उठायचं असतं, ते मला समजत नव्हतं.

"आता जावा तुमी," तो छताकडे बघत म्हणाला. "ती भायर रडत आसतली. तुमका बघून अजून रडतली. मागल्या दारान जावा."

मी मागच्या दाराने गेलो.